डीआयडीतून सावरताना: आठवणी उकरण्याआधीची कामं

डीआयडी म्हणजे एकाच माणसात ओळखीचे वेगवेगळे ‘भाग’ असणं, ज्यात एक भाग पुढे असताना घडलेलं दुसऱ्याला आठवत नाही असंही होतं. हे निदान कळल्यावर पहिल्याच आठवड्यात बहुतेक जण एकच गोष्ट करतात. कोरी वही घेतात, रकाने आखतात आणि आत कोणकोण आहे याची यादी करायला बसतात. नाव, वय, स्वभाव, कुणाच्या वाट्याला कोणती आठवण. मीही बसले होते. पाच रकाने, हिरवी शाई. नवव्या दिवशी सकाळी उठले तर दाराशी माझ्या चपला चिखलाने ओल्या होत्या आणि रात्री बाहेर गेल्याचं मला काडीचंही आठवत नव्हतं. वहीतली ती पानं कुणीतरी बोटभर तुकडे करून बादलीत भिजत घातली होती.

यादी करण्यात गैर काही नव्हतं, पण तिची वेळ तेव्हा आलेली नव्हती. ज्या भागाने आयुष्यभर लपून राहण्याचं काम केलं, त्याचं नाव मी पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडत होते. त्याने पानं फाडली नसती तरच नवल.

डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, यातून सावरण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आघाताच्या आठवणींवर काम, मग आतल्या भागांचं एकत्र येणं आणि पुढचं आयुष्य. इंटरनॅशनल सोसायटी फॉर द स्टडी ऑफ ट्रॉमा अँड डिसोसिएशन या संस्थेच्या २०११ च्या उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हेच तीन टप्पे आहेत. लोक मधला टप्पा आधी उचलतात, कारण तोच ‘खरा उपचार’ वाटतो. या लेखात मी त्यातल्या पहिल्या टप्प्याचेच तीन तुकडे केले आहेत (पुढचे टप्पा १ ते ३); उरलेले दोन म्हणजे टप्पा ४ आणि ५. सगळ्यात जास्त पडझड तिथेच होते.

## सुरू करण्याआधी: निदान आणि माणूस

निदान पक्कं करून घ्या. ऑनलाइन चाचणीत जास्त गुण आले म्हणजे डीआयडी झाला असं होत नाही. डिसोसिएटिव्ह एक्स्पिरिअन्सेस स्केल ही २८ प्रश्नांची चाचणी सर्वाधिक वापरली जाते, पण तिचं काम फक्त ‘पुढे तपासणी करा’ एवढंच सांगण्याचं. निदान होतं ते प्रशिक्षित माणसाने घेतलेल्या सविस्तर मुलाखतीतून. तुकड्या-तुकड्यांनी भान जाणं हे अपस्मारात, दारू किंवा नशेच्या पदार्थांमुळे, डोक्याला मार लागल्यानंतरही होतं. त्यामुळे शारीरिक तपासण्या टाळू नका.

उलट बाजूची चूकही तितकीच जुनी आहे. आतून आवाज येतात एवढं ऐकून स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं त्याच गोळ्या चालू राहतात. डीआयडीतले आवाज बहुतेकदा लहानपणापासूनचे असतात, डोक्याच्या आतून येतात, एकमेकांशी भांडतात, तुमच्या वागण्यावर शेरे मारतात. डॉक्टरांना हे सगळं सांगा: आवाज कधीपासून आहे, कुठून येतो, काय म्हणतो.

डॉक्टरकडे जाताना निष्कर्ष नेऊ नका, प्रसंग न्या. ‘मला डीआयडी आहे’ या वाक्यावर समोरचा एकतर बिचकतो किंवा वाद घालतो. त्याऐवजी एका कागदावर गेल्या महिन्यातले चार-पाच प्रसंग लिहा. ‘मंगळवारी दुपारी दोनला टेबलाशी होते, पुढचं आठवतं ते सहाचं, मधल्या वेळात माझ्या फोनवरून तीन मेसेज गेलेत.’ ‘कपाटात मी न घेतलेले कपडे आहेत.’ ‘आरशात चेहरा परका वाटला, दहा मिनिटं.’ तारीख, वेळ, किती वेळ गेला, मागे काय पुरावा राहिला. एवढं पुरे.

कागदपत्रांबाबत एक छोटी गोष्ट. जुन्या फायलींत ‘मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ दिसलं तर गोंधळू नका. १९९४ साली डीएसएम-४ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, ते नाव बदललं, विकार तोच. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, त्याचा कोड ६बी६४ आहे. ६बी६५ हा ‘पार्शल’ प्रकार. त्यात आतले भाग जाणवतात, मध्ये घुसतात, पण सहसा शरीराचा पूर्ण ताबा घेत नाहीत आणि वेळ गहाळ होणंही फार नसतं. तुमचं दुसऱ्या प्रकारात बसत असेल तर ‘माझं खोटं आहे का’ या विचारात महिने घालवू नका. पुढच्या पायऱ्या त्याच आहेत.

थेरपिस्ट निवडताना तीन प्रश्न विचारा. डिसोसिएशन (भान, आठवण, ओळख यांचं एकमेकांपासून तुटणं) असलेल्या लोकांसोबत काम केलंय का? पहिल्या सहा महिन्यांत आपण काय करू? दोन सेशनच्या मधे मी कोसळले तर काय करायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘स्थैर्य, झोप, सुरक्षितता, ग्राउंडिंग (लक्ष आत्ताच्या जागेवर आणि क्षणावर आणण्याचा सराव)’ अशा दिशेचं हवं. ज्याला डीआयडीचा अनुभव नाही पण ‘मला वाचावं लागेल, मी वरिष्ठांचा सल्ला घेईन’ असं जो मोकळेपणाने म्हणतो, तो माणूस माझ्या मते चालतो.

> सावधान: पहिल्या-दुसऱ्या भेटीतच संमोहन करून आठवणी बाहेर काढू म्हणणारा, अमुक भागाला ‘हाकलून’ देऊ म्हणणारा, किंवा तुमच्या आतल्या भागांमध्ये प्रेक्षकासारखा रमणारा माणूस असेल तर तिथून उठा.

## टप्पा १: घर आणि दिवस सुरक्षित करा

सगळ्यात आधी एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. इजा करणारं माणूस आजही आयुष्यात आहे का? घरात राहतं का, फोन करतं का, भेटायला येतं का? उत्तर ‘हो’ असेल तर त्यातून सुटण्याची तजवीज हाच टप्पा १. डिसोसिएशन हे आत्ताच्या धोक्यापासून वाचवण्याचं काम अजून करतच आहे. ते सोडायला सांगणं म्हणजे पाऊस चालू असताना छत काढणं.

ते नसेल तर कामं या क्रमाने करा.

पहिलं, जिवाची सुरक्षितता. डीएसएम-५ नुसार बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्या डीआयडीच्या रुग्णांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. ‘माझ्या मनात तसं काही नाही’ हे तुम्ही तुमच्यापुरतं सांगू शकता, आतल्या प्रत्येकाच्या वतीने नाही, म्हणून सांगते. थेरपिस्टसोबत एका पानाचा आराखडा करा: धोक्याची पहिली खूण कोणती, तेव्हा मी स्वतः काय करेन, कुणाला फोन करेन, कुठे जाईन. आपल्या भागातली तातडीची हेल्पलाइन आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर त्याच पानावर. इजा होऊ शकेल अशा वस्तू आणि जास्तीची औषधं विश्वासातल्या माणसाकडे द्या. हे पान ड्रॉवरमध्ये नको. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे कोणताही भाग ‘समोर’ असला तरी सापडेल.

दुसरं, औषधं. डीआयडी बरा करणारी गोळी नाही. औषधं मिळतात ती नैराश्य, चिंता, झोप, दुःस्वप्नं यांसाठी आणि ती उपयोगी पडतात. अडचण वेगळीच असते: सकाळी गोळी घेतली, ते आठवत नाही, म्हणून पुन्हा घेतली. आठवड्याचे कप्पे असलेली डबी वापरा. रिकामा कप्पा म्हणजे गोळी गेली, आठवो न आठवो. औषध लिहून देणारा डॉक्टर एकच ठेवा. सुस्ती आणणाऱ्या गोळ्या आणि दारू यांनी काहींचं भान आणखी सुटतं. तसं होत असेल तर लगेच कळवा, पण स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका.

तिसरं, पैसा, वाहन, आग. कार्डवर रोजच्या खर्चाची मर्यादा घाला. गॅस पेटवताना टायमर लावा. वाहन चालवताना वेळ गहाळ झाल्याचा एक जरी प्रसंग असेल तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गाडीला हात लावू नका. यावर लोक माझ्याशी वाद घालतात. घाला, पण किल्ली दुसऱ्याकडे देऊन घाला.

चौथं, झोप. उठायची वेळ ठरलेली हवी, झोपायची आपोआप मागून येते. ज्यांना रात्रीचीच भीती आहे त्यांनी मंद दिवा लावून झोपावं. अंधारात झोपण्याचा पराक्रम कुणी मागितलेला नाही.

> पुढे जाण्याआधी तपासा: गेल्या चार आठवड्यांत औषधं चुकली नाहीत ना? आराखड्याचं पान न शोधता हाताला लागतं का? बोलावलं तर येईल असं निदान एक माणूस ठरलेलं आहे का?

## टप्पा २: ‘इथे’ राहण्याचा सराव

ग्राउंडिंगचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि ‘माझ्यावर याचा उपयोग होत नाही’ असंही सगळेच म्हणतात. खोदून विचारलं की दोन गोष्टी निघतात. एक, ते फक्त पूर आल्यावर पोहायला शिकत असतात. दोन, डोळे मिटून करत असतात.

डोळे मिटून, श्वासावर लक्ष देऊन बसणं हे कित्येकांना शांत करतं. डिसोसिएशन असलेल्या माणसाला तेच आत ओढून नेऊ शकतं. त्यामुळे सुरुवातीला डोळे उघडे, दिवा चालू, पाठ टेकलेली.

सराव असा करा, दिवसातून तीनदा, बरं वाटत असताना:

१. दोन्ही पाय जमिनीवर दाबा. टाचा, मग बोटं. नुसतं ‘जाणवून घेऊ’ नका, दाबा.

२. आजची तारीख, वार आणि वर्ष मोठ्याने म्हणा. वर्ष सगळ्यात महत्त्वाचं. आतले काही भाग अजून जुन्याच वर्षात अडकलेले असतात.

३. पाच दिसणाऱ्या वस्तू, चार स्पर्शाच्या, तीन आवाज, दोन वास, एक चव. प्रत्येक वस्तूचं नुसतं नाव घेऊ नका, एक तपशील सांगा. ‘खुर्ची’ म्हटल्याने काही होत नाही. ‘खुर्ची, डाव्या हाताच्या लाकडाला ओरखडा आहे’ यासाठी खरोखर बघावं लागतं.

४. तेव्हा आणि आत्ता यांतला फरक सांगा. ‘हे हात मोठ्या माणसाचे आहेत. या दाराची कडी आतून आहे. ती मी लावू शकते आणि काढूही शकते.’

चौथी पायरी लोक गाळतात आणि तीच मला सगळ्यात उपयोगी पडली. माझ्या आतल्या एका लहान भागाला तारीख सांगून काहीच कळत नव्हतं. वर्षाचा आकडा त्याच्या लेखी नुसता आवाज होता. त्याला पटलं ते दाराची कडी बघून. कित्येक दिवस मी दिवसातून दोनदा उठून, कडी सरकवून, पुन्हा लावून दाखवत असे. घरातल्यांना वाटलं मला स्वच्छतेच्या वेडासारखं कडीचं वेड लागलं.

सोबत ठेवण्यासाठी एक वस्तू निवडा: खडबडीत दगड, किल्ल्यांचा जुडगा, गार पाण्याची बाटली. वास वापरणार असाल तर जुन्या काळाशी नातं नसलेला नवा वास घ्या. ओळखीचा वास उलटा तिथेच नेऊन सोडतो.

याच काळात स्वतःच्या खुणा ओळखायला शिका. स्विच होण्याआधी, म्हणजे ताबा एका भागाकडून दुसऱ्याकडे जाण्याआधी, प्रत्येकाचं शरीर काहीतरी सांगतं. कुणाला आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, कुणाच्या पापण्या जड होतात, कुणाला कपाळात एकाच जागी दुखतं, कुणाला आपलेच हात परके दिसतात. दोन-तीन खुणा सापडल्या की मधे मिनिटभराची फट मिळते. सगळी मेहनत त्या मिनिटासाठी आहे.

> चूक: ग्राउंडिंग हे एखाद्या भागाला परत ढकलण्याचं हत्यार म्हणून वापरणं. ‘तू जा, मला इथे राहायचंय’ असं केलं की पुढच्या वेळी तो जास्त जोराने येतो. ‘आपण दोघं इथे बघू’ असं म्हणा.

## टप्पा ३: आतल्या मंडळींशी बोलणी

आता वही काढा, पण रकाने न आखता.

पहिल्या पानावर नियम लिहा, थोडेच. पान फाडायचं नाही. शिवीगाळ नाही. लिहिताना तारीख आणि वेळ. नाव लिहायची सक्ती नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा: जुन्या प्रसंगांचे तपशील या वहीत नाहीत. कुणाला ते लिहायचंच असेल तर सुट्या कागदावर लिहून पाकिटात बंद करायचं आणि पाकीट थेरपिस्टकडे द्यायचं. हा नियम नसेल तर एक भाग लिहितो, दुसरा ते सकाळी चहाच्या वेळी वाचतो, आणि दिवस तिथेच संपतो.

पहिला प्रश्न काय लिहायचा? ‘तू कोण आहेस’ नको. ती पोलिसी चौकशी होते. रोजच्या जगण्यातलं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर देण्यात कुणाला धोका नाही. माझ्या वहीतलं पहिलं खरंखुरं संभाषण असं होतं:

*पुढच्या आठवड्यात दात दाखवायला जायचंय. कुणाला काही सांगायचंय का?*

खाली, वेगळ्या, टोकदार अक्षरात: *नाही जायचं.*

*दात दुखतोय. काय केलं तर जाता येईल?*

दोन दिवस काही नाही. मग पेन्सिलीने, फार बारीक: *खुर्ची मागे करायची नाही.*

खुर्ची पूर्ण आडवी करू नका, हे मी दवाखान्यात आधीच फोन करून सांगितलं. त्यांनी अर्धी ठेवली. दात भरला. त्या दिवसानंतर टोकदार अक्षर वहीत नेमाने यायला लागलं, कारण विचारल्यावर ऐकलं जातं हे त्याने पाहिलं होतं. विश्वास बसतो तो असल्या फुटकळ गोष्टींतून.

वही सुरू झाली की रोज १५ मिनिटांची बैठक ठरवा. वेळ तीच, जागा तीच. विषय फक्त उद्याचा: कामाच्या वेळी कोण पुढे राहील, कुणाला कशाची भीती आहे, कुणाला थोडा वेळ हवा आहे. लहान भागाला चित्र काढायला अर्धा तास हवा असेल तर तो संध्याकाळी द्या आणि दिलेला शब्द पाळा. कामाच्या बैठकीत तो अचानक पुढे येणं कमी होऊ शकतं. मागेल ते सगळं द्यायचं असा याचा अर्थ नाही. लहान मुलाला आपण घराच्या किल्ल्या देत नाही आणि कोंडूनही ठेवत नाही, तसंच.

शिव्या देणारा, धमक्या देणारा, इजा करणारा भाग. याच्याशी बोलणी सुरू करताना सगळेच चुकतात. तो शत्रू वाटतो, त्याला संपवावंसं वाटतं. बहुतेकदा हा भाग इजा करणाऱ्या माणसाचीच भाषा बोलतो, कारण त्या काळात तसं बोलून, तुम्हाला गप्प करून, त्याने आणखी मोठा मार टाळलेला असतो. त्याला विचारा: तू हे केलं नाहीस तर काय होईल अशी तुला भीती आहे? उत्तर ऐकून थक्क व्हाल. सुरक्षिततेची बोलणी त्याला वगळून करू नका. मुदत छोटी ठेवा, ‘पुढच्या सेशनपर्यंत’ इतकीच, आणि मुदत संपायच्या आत पुन्हा बोला. असा शब्द मिळाला म्हणून टप्पा १ मधला आराखडा मात्र काढून टाकायचा नाही.

जबाबदारी. ‘ते मी नाही, तिने केलं’ हे वाक्य थेरपीच्या खोलीत माहिती म्हणून ठीक आहे. बाहेर नाही. आतल्या कुणीही उधारी केली, कुणाचं मन दुखावलं, तर फेडायची सगळ्यांनी मिळून. ऐकायला कठोर वाटतं, पण आत्तापर्यंत ज्यांना ‘आपण वेगळे’ वाटत होतं त्यांना हे एकच शरीर, एकच आयुष्य आहे हे याच वाटेने समजत जातं.

> सावधान: भागांची संख्या म्हणजे प्रगती नव्हे. दर आठवड्याला नवा भाग सापडत असेल, त्यांची चित्रं, पोशाख, इतिहास यांतच संध्याकाळ जात असेल, तर थांबा आणि टप्पा २ वर या. कुणाला दाखवण्यासाठी किंवा गंमत म्हणून एखाद्या भागाला ‘बोलावणं’ तर मुळीच नको.

> पुढे जाण्याआधी तपासा: गहाळ होणारा वेळ कमी झालाय का? भांडण झालं तर वहीत मिटतं की शरीरावर? थेरपिस्ट सुट्टीवर असताना दोन आठवडे निभावले का? तिसऱ्या प्रश्नावर खोटं बोलणं सगळ्यात सोपं असतं.

## टप्पा ४: आठवणी, आणि त्या एकट्याने नाही

हा टप्पा घरी करायचा नाही, म्हणून पायऱ्या देत नाही. थेरपिस्टसोबत काम करताना तुमच्या बाजूने काय सांभाळायचं, एवढंच.

वेळ निवडा. परीक्षा, घर बदलणं, आजारपण, जुन्या प्रसंगाची तारीख जवळ असताना आठवणींना हात लावू नका. दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काही ठेवू नका. सेशनची शेवटची १०-१५ मिनिटं परत ‘इथे’ येण्यासाठी राखून ठेवायला सांगा. दारातून बाहेर पडताना तारीख, वार, घरी जायचा रस्ता सांगता आला पाहिजे. आठवण अख्खी घेऊ नका. तिचा एक क्षण, एक आवाज, एक संवेदना, एवढाच घास. उरलेलं मनातल्या पेटीत बंद करून पुढच्या वेळेपर्यंत ठेवण्याचा सराव आधीच झालेला हवा. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साथीने आघाताच्या आठवणींवर काम करण्याचं तंत्र) यासारखी तंत्रं डीआयडीत नेहमीच्या वेगाने वापरली तर आठवणींचा पूर येऊ शकतो. ती बदलून, सावकाश वापरणारा जाणकार हवा.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगते. आठवण लख्ख आहे, अंगावर काटा येतो, म्हणून ती तपशिलासकट अचूक आहे असं ठरत नाही. ती खोटी आहे असंही ठरत नाही. संमोहनाखाली किंवा सूचक प्रश्नांतून वर आलेल्या आठवणींत भर पडू शकते. म्हणून नव्याने वर आलेल्या आठवणीच्या जोरावर त्याच आठवड्यात कुणाला जाब विचारायला जाऊ नका, नातं तोडण्याचा किंवा तक्रारीचा निर्णय घेऊ नका. निर्णय घ्यायचा तर घ्या, पण जमीन स्थिर झाल्यावर.

> परत फिरण्याची खूण: झोप सलग आठवडाभर गेली, इजा करण्याची ओढ वाढली, कामावर जाणं थांबलं. यातलं एकही दिसलं तर आठवणींचं काम बंद आणि टप्पा १. हे अपयश नाही, या वाटेवर असं मागे-पुढे अनेकदा होतं.

## टप्पा ५: एक होणं, की मिळून राहणं

मार्गदर्शक तत्त्वं भागांचं पूर्ण एकत्र येणं हे सगळ्यात स्थिर फलित मानतात. त्याच वेळी, सगळ्यांना ते जमतं किंवा हवं असतं असं नाही, आणि भाग वेगळे राहूनही एकमेकांशी सहकार्य करत नीट जगणं हेही चांगलं फलित आहे, हे ती मान्य करतात. माझं मत विचाराल तर हा निर्णय सुरुवातीला घेऊच नका. पहिल्या वर्षी ‘तुम्हाला एक व्हायचंय का’ असं विचारलं की आतल्या निम्म्या मंडळींना ती मरणाची नोटीस वाटते.

एकत्र येणं बहुतेकदा गाजावाजा न करता होतं. दोन भागांच्या आठवणी, आवडीनिवडी, अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात. मग एक दिवस लक्षात येतं की अमुक जण बरेच दिवस वेगळा बोलला नाही, आणि त्याला येत होतं ते आता मला येतंय. यानंतर एका गोष्टीची तयारी ठेवा जी कुणी सांगत नाही: शांतता. डोक्यात वर्षानुवर्षं गर्दी असलेल्या माणसाला ती पोकळी वाटते, रडू येतं. पूर्वी दुखलं की दुसऱ्या भागाकडे सोपवता यायचं, आता ते स्वतःलाच सोसावं लागतं. नवी कौशल्यं लागतात, वेळ लागतो. मोठा ताण आला तर पुन्हा फाटूही शकतं, आणि मग आधीची सगळी साधनं तशीच चालतात.

## घरच्यांसाठी, थोडक्यात

‘आत्ता कोण आहेस?’ हे दर तासाला विचारू नका. सांगायचं असेल तर ते सांगतील. आवडता भाग आणि नावडता भाग असं करू नका. नावडत्याला ते कळतं. अंगाला हात लावण्याआधी विचारा, झोपेतून उठवताना लांबून नावाने हाक मारा. न आठवलेल्या गोष्टीवरून परीक्षा घेऊ नका, ‘काल आपण असं ठरवलं होतं’ एवढं सांगा. जोडीदारासाठी एक नियम पक्का: समोर लहान वयाचा भाग आहे अशी शंका जरी आली तरी शारीरिक जवळीक तिथेच थांबवायची.

आणि थेरपिस्ट व्हायला जाऊ नका. रात्री दोनला जुनी गोष्ट ऐकून घेणं माया म्हणून ठीक वाटतं, पण त्याने टप्पा ४ स्वयंपाकघरात सुरू होतो. ‘हे सेशनमध्ये सांगू या, आत्ता पाय जमिनीवर दाब’ हे म्हणायला शिका.

## शेवटचं काम: खिशातलं कार्ड

व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद. पुढच्या बाजूला: नाव, निदान, चालू औषधं, थेरपिस्टचा आणि एका नातलगाचा नंबर. मागच्या बाजूला, अनोळखी माणसाला कळेल अशा भाषेत: ‘मी गोंधळलेली किंवा लहान मुलासारखी वागत असेन तर मला डिसोसिएशन झालं आहे. कृपया मला धरू नका. समोर, थोडं लांब उभं राहून माझं नाव, आजची तारीख आणि आपण कुठे आहोत ते सांगा. बहुतेक वेळा काही मिनिटांत मला भान येतं. जिवाला धोका दिसला तर लगेच रुग्णालयात न्या.’

दोन प्रती करा. एक पाकिटात, एक फोनच्या कव्हरमागे. कार्ड कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे ज्याला ते लागेल त्याला माहीत असेल. औषधं बदलली की त्याच दिवशी नवं लिहा आणि जुनं फाडून टाका.